पेस्ट्री स्टाउटच्या गोडव्यामागे

व्हॅनिला, कोको, नारळ, दालचिनी असे मिठाईत शोभणारे पदार्थ घालून केलेली दाट, काळी, गोड बिअर आज पेस्ट्री स्टाउट म्हणून ओळखली जाते. हे नाव २०१० नंतरच्या दशकात अमेरिकेत, सुरुवातीला काहीसे हिणवण्यासाठीच, वापरले गेले; पण बिअरमध्ये गोडी टिकवण्याची धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे. यीस्ट साखर खाऊनच मद्यार्क तयार करते, त्यामुळे पूर्ण आंबलेल्या बिअरमध्ये गोडी फारशी उरत नाही, हीच मूळ अडचण होती.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये पोर्टर ही गडद बिअर लोकप्रिय झाली आणि तिच्या कडक प्रकाराला स्टाउट म्हटले जाऊ लागले. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर यांनी फिरत्या पिंपात माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, काळे होईपर्यंत भाजण्याचे पेटंट घेतले. अशा मूठभर माल्टनेही बिअरला काळा रंग आणि कॉफी-चॉकलेटची आठवण करून देणारी कडवट चव येते. एके काळी रशियाला पाठवली जाणारी, अधिक कडक अशी इम्पीरियल स्टाउटही याच घराण्यातली आणि आजच्या पेस्ट्री स्टाउटचा पाया बहुतेकदा तीच असते.

माझ्या मते मात्र या बिअरची खरी पूर्वज मिल्क स्टाउट आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या मॅकेसन ब्रुअरीने स्टाउटमध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, वापरली. यीस्टला ती पचत नाही, म्हणून बिअर आंबून झाल्यावरही हलकी गोडी आणि जिभेवर रेंगाळणारा साईसारखा दाटपणा कायम राहतो. बाटलीवर दुधाच्या कॅनचे चित्र असे आणि तिची पौष्टिक पेय म्हणून जाहिरात होई. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये लेबलवरील ‘मिल्क’ हा शब्द काढावा लागला. यीस्टला लॅक्टोज पचत नाही, एवढ्या साध्या गुणावर पुढची बरीचशी गोड स्टाउट उभी राहिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अमेरिकेतील लहान ब्रुअरींनी त्यात भर घातली. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूस आयलंडने बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत स्टाउट मुरवली, तेव्हा ओकच्या लाकडातून व्हॅनिलाचा सुगंध बिअरमध्ये उतरला. पुढे फ्लोरिडातील सिगार सिटीने हुनाहपू या स्टाउटमध्ये कोको, मिरची, व्हॅनिला आणि दालचिनी एकत्र आणली. असे नाजूक घटक शक्यतो उकळीत टाकत नाहीत, कारण वाफेबरोबर सुगंध उडून जातो. आंबण्याची क्रिया संपल्यावर व्हॅनिलाच्या शेंगा उभ्या चिरून टाकीत सोडतात आणि रोज चव घेत योग्य वेळी काढतात.