प्राणिप्रेरित कॅमेरा-नियंत्रण

आभासी वास्तवातील दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याची हालचाल प्राण्यांच्या डोके व डोळे हलवण्याच्या रीतीवर बेतण्याची पद्धत. हेडसेटमध्ये दृश्य सरकते, पण शरीर जागेवरच असते. डोळे आणि आंतरकर्ण (कानातील तोल व हालचाल जाणवणारा भाग) यांचे संकेत जुळत नाहीत आणि घाटातल्या एसटीत होते तशी मळमळ होते. ती टाळणे हा मुख्य हेतू.

सर्वाधिक ऊहापोह पारव्याच्या चालीचा झाला आहे. चालताना तो सतत मान हलवतो असे वाटते. प्रत्यक्षात डोके झटक्यात पुढे जाते आणि धड त्याला गाठेपर्यंत हवेत एका जागी स्थिर राहते. डनलॅप व माउरर यांनी १९३० मध्ये याचा अभ्यास केला. ही हालचाल तोल सांभाळण्यासाठी की पाहण्यासाठी, हा वाद त्यानंतरही राहिला. फ्रीडमन यांनी १९७५ मध्ये होल्यांवर प्रयोग केले. १९७८ मध्ये फ्रॉस्ट यांनी पारव्याला फिरत्या पट्ट्यावर चालवले; पाय चालत होते, पण भोवतालचे दृश्य सरकत नव्हते, आणि मान हलणे थांबले. त्यामुळे दृष्टीचे कारण अधिक ग्राह्य ठरते. डोके पुढे नेणाऱ्या झटक्यातून अंतराचा अंदाजही येत असावा.

हेडसेटमध्ये दृश्य सलग न फिरवता ३० किंवा ४५ अंशांच्या टप्प्यांनी वळवण्याची सोय झटक्यात सरकून मग स्थिर राहण्याच्या याच तत्त्वाशी जुळते. मात्र ती पक्ष्यांवरून घेतली असे म्हणणे धाडसाचे होईल. मळमळीच्या अनुभवातून ती आली असणे अधिक संभवनीय.

शेतावर हवेत पंख फडफडवत एका जागी थांबणारी कापशी घार डोके जवळजवळ हलू देत नाही. शेळी चरायला मान खाली घालते तेव्हा डोळा खोबणीत सुमारे ५० अंश फिरतो आणि आडवी बाहुली जमिनीला समांतर राहते, असे २०१५ मधील एका अभ्यासात दिसले. धाराशिवकडच्या उस्मानाबादी शेळीतही ही आडवी बाहुली सहज पाहता येते. कॅमेऱ्याचे क्षितिज आडवे राखण्यास हा नमुना उपयोगी.

मराठवाड्यातील लेण्यांच्या दृश्यांत निवड जागेनुसार बदलावी लागेल. वेरूळचे कैलास लेणे (क्र. १६, आठवे शतक) वरून खाली कोरलेले असल्याने कड्यावरून घिरट्या घालणाऱ्या घारीचे दृश्य मोहक वाटते. परंतु सलग वर्तुळाकार गतीच मळमळीला अधिक कारण होते; प्रांगणात पारव्यासारखे थांबत पुढे जाणे बरे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील छतचित्रांसाठी कॅमेरा हलवूच नये. तिथे मान प्रेक्षकानेच वर करावी.