संगीत-फाइलींची देवाणघेवाण आणि सीडीची खरेदी

इंटरनेटवरून गाण्यांच्या फाइली एकमेकांना फुकट देणे-घेणे आणि दुकानात जाऊन सीडी विकत घेणे, या दोन मार्गांकडे श्रोते कोणत्या नजरेने पाहत होते, हा या नोंदीचा विषय आहे. हा प्रश्न ऐरणीवर आला तो १९९९ ते २००८ या काळात आणि मुख्यतः अमेरिकेत. त्या वेळच्या चर्चेत एका बाजूला चोर आणि दुसऱ्या बाजूला प्रामाणिक गिऱ्हाईक अशी सरळ विभागणी केली जाई. ती चुकीची आहे. फाइली उतरवून घेणारा आणि सीडी विकत घेणारा पुष्कळदा एकच माणूस असे. कुठल्या गाण्याला पैसे मोजायचे आणि कुठल्याला नाही, याचे त्याचे स्वतःचे नियम असत. ते नियम समजून घेतले, तरच संगीत व्यवसायात पुढे जे घडले त्याचा उलगडा होतो.

पार्श्वभूमी

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी विकसित केलेली सीडी ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या त्या चकतीवर ७४ मिनिटांचे संगीत मावे. त्यात आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने साठवलेले असत, त्यामुळे चार मिनिटांच्या एका गाण्याला सुमारे ४० एमबी जागा लागे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातला कानाला न जाणवणारा भाग वगळण्याची युक्ती शोधली, आणि तेच गाणे जेमतेम चार एमबीत बसू लागले. या फाइलींना 'एमपी३' हे नाव जुलै १९९५ मध्ये मिळाले.

गाणी एकमेकांना देण्यात नवे काहीच नव्हते. कॅसेटवर गाणी भरून मित्राला देणे ही जगभरची रीत होती. ग्रेटफुल डेड या अमेरिकी वाद्यवृंदाने तर १९८४ पासून आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या चाहत्यांसाठी वेगळी जागा राखून ठेवली होती. नवे होते ते प्रमाण. कॅसेट भरायला तासभर लागे आणि ती एकाच माणसाच्या हातात पडे. एमपी३ फाइल मात्र तुमच्याकडून एका दिवसात शंभर अनोळखी माणसे घेऊन जात आणि तुमची प्रत तुमच्याकडेच राही.

नॅपस्टर

बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात शिकणाऱ्या शॉन फॅनिंगने जून १९९९ मध्ये नॅपस्टर सुरू केले. शॉन पार्कर हा त्याचा जोडीदार. यात गाणी कंपनीच्या संगणकावर नसत. तिथे असे ती फक्त यादी, म्हणजे कोणते गाणे कोणाच्या संगणकावर आहे याची. गाणे थेट एका श्रोत्याकडून दुसऱ्याकडे जाई.

ते वापरायचे कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. गाण्याचे नाव टाकले की रांगेने निकाल येत: फाइलीचे नाव, आकार, बिटरेट (म्हणजे दर सेकंदाला आवाजाची किती माहिती साठवली आहे ते), लांबी, ती कोणाकडे आहे त्याचे टोपणनाव आणि त्याच्या जोडणीचा वेग. टेलिफोनच्या तारेवर ५६ के मोडेम लावलेल्या घरात एक गाणे उतरायला चांगली स्थिती असली तरी दहा मिनिटे लागत. मध्येच कोणी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला किंवा समोरच्याने संगणक बंद केला, की सगळे मुसळ केरात. नावेही बेभरवशाची असत. एकाचे गाणे दुसऱ्याच गायकाच्या नावावर सापडे आणि ती चूक पुढे हजारो संगणकांवर जशीच्या तशी पसरे. तरीही लोक रात्र-रात्र जागत. कारण ज्याच्याकडून एक गाणे घेतले त्याचा सगळा संग्रह उघडून पाहता येई, आणि आपल्यासारखीच आवड असलेला माणूस सापडल्याचा आनंद दुकानातल्या सीडीच्या मांडणीपुढे उभे राहून मिळत नसे. 'लोकांना फुकटचे हवे होते' असे म्हणणारे ही गोष्ट नेहमी विसरतात.

अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने डिसेंबर १९९९ मध्ये नॅपस्टरवर खटला भरला. एप्रिल २००० मध्ये मेटॅलिका हा वाद्यवृंदही न्यायालयात गेला आणि मे महिन्यात त्यांचा ड्रमवादक लार्स उलरिक याने आपली गाणी वाटणाऱ्या ३,३५,४३५ वापरकर्त्यांची यादी नॅपस्टरच्या कचेरीत नेऊन दिली. या घटनेने श्रोत्यांत जितकी कटुता आली तितकी पुढच्या कुठल्याच निकालाने आली नाही. मेटॅलिकाने स्वतःच आपले कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ते आपसांत वाटायला चाहत्यांना मुभा दिली होती, त्यामुळे आपल्याच माणसाने आपले नाव चौकीत दिले अशी भावना झाली. उलरिकचे म्हणणे मात्र टाकाऊ नव्हते. अपुऱ्या अवस्थेतले एक गाणे प्रसिद्ध होण्याआधीच बाहेर पडले होते, आणि आपले काम लोकांपुढे कधी व कसे जावे हे कलावंताने ठरवायचे, एवढाच त्याचा मुद्दा होता. फेब्रुवारी २००१ मध्ये अपील न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा नॅपस्टरविरुद्धचा निर्णय मुळात कायम केला आणि जुलैमध्ये सेवा थांबली. तोवर तिचे अडीच कोटींहून अधिक वापरकर्ते झाले होते. ते कझा, लाइमवायर आणि पुढे बिटटोरेंट अशा फाइली वाटण्याच्या दुसऱ्या मार्गांकडे वळले.

सीडीच्या किमतीचा राग

श्रोत्यांची बाजू नीट कळायची तर सीडीची किंमत पाहावी लागते. अमेरिकेत नव्या सीडीवर १६ ते १९ डॉलर छापलेले असत. डिस्क तयार करायला फारसा खर्च येत नाही हे लोकांना ठाऊक होते, आणि दहा-बारा गाण्यांतले एकच आवडते असले तरी सगळी सीडी घ्यावी लागे. एकेका गाण्याची स्वस्त डिस्क कंपन्यांनी जवळजवळ बंद करत आणली होती. मे २००० मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने पाच मोठ्या कंपन्यांना एक प्रथा थांबवायला लावली. ठराविक किमतीच्या खाली जाहिरात करणाऱ्या दुकानांना कंपन्या जाहिरातीचे अनुदान नाकारत. या प्रथेमुळे तीन वर्षांत ग्राहकांना ४८ कोटी डॉलरपर्यंत भुर्दंड पडला असावा, असा आयोगाचा अंदाज होता. पुढे राज्यांनी भरलेल्या दाव्यात तडजोड झाली आणि २००४ मध्ये सुमारे ३५ लाख लोकांच्या हाती प्रत्येकी १३ डॉलर ८६ सेंटचा धनादेश पडला. म्हणजे 'आम्हाला लुबाडले जाते' हे श्रोत्यांचे म्हणणे निव्वळ सबब नव्हती.

श्रोत्यांचे अलिखित नियम

प्यू संशोधन संस्थेच्या २००३ मधील पाहणीत गाणी डाउनलोड करणाऱ्यांपैकी ६७ टक्के लोकांनी सांगितले, की त्या गाण्यांवर कोणाचा स्वामित्वहक्क आहे की नाही याची आपल्याला पर्वा नाही. हा आकडा वाचून अनेकांनी नीतिमत्ता बुडाली असा निष्कर्ष काढला. पण कायद्याची पर्वा नसणे आणि नीतीची चाड नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. श्रोते उचित-अनुचित ठरवत होतेच, फक्त त्यांच्या सीमारेषा कायद्याच्या रेषांवरून जात नव्हत्या.

बाजारातून गेलेली, कंपनीने पुन्हा न काढलेली ध्वनिमुद्रणे घेण्यात कोणालाच वावगे वाटत नसे, कारण विकत घेऊ म्हटले तरी ती मिळत नव्हती. आधी ऐकून पाहायचे आणि आवडले तर सीडी घ्यायची, असे सांगणारे पुष्कळ होते. त्यांतले काही खरेच घेत, काहींच्या बाबतीत ते नुसते बोलणे राही. लहान, धडपडणाऱ्या गायकाची सीडी विकत घ्यावी, मोठ्या ताऱ्याचे काही बिघडत नाही, असाही एक विचार होता. तो न्यायाचा वाटला तरी त्यात एक खोट होती: मोठ्या ताऱ्याच्या सीडीवर गीतकार, संगीतकार, वादक आणि ध्वनिमुद्रक यांचीही नावे असत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे कार्यक्रमाच्या तिकिटांतून येणारे दुसरे उत्पन्न नव्हते. फाइलीबरोबर ही नावे येतच नसत. सीडीच्या पुस्तिकेत ती असत.

सीडीच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी ही पुस्तिकाच मोठी होती. नवी डबी घरी आणायची, तिच्या वरच्या कडेला चिकटवलेली पट्टी नखाने सोलायची, मधले नाजूक दात मोडणार नाहीत अशा बेताने डिस्क उचलायची आणि ती वाजत असताना पुस्तिकेतले शब्द वाचायचे, हा एक विधीच होता. अशी माणसे १२८ केबीपीएस इतक्या कमी बिटरेटच्या फाइलीत झांजेचा नाद चिरकतो अशी तक्रार करत, आणि ती खरी होती. पण त्यांच्याही संगणकात फाइली असतच.

रेडिओहेड या ब्रिटिश वाद्यवृंदाची दोन उदाहरणे या बाबतीत बोलकी आहेत. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा नवा अल्बम प्रसिद्ध होण्याआधीच नॅपस्टरवर आला होता, तरी अमेरिकेच्या विक्रीत तो पहिल्या क्रमांकावर गेला. ऑक्टोबर २००७ मध्ये त्यांनी आणखी एक अल्बम आपणहून इंटरनेटवर ठेवला आणि किती द्यायचे ते, अगदी काही न देणेसुद्धा, श्रोत्यांवर सोपवले. तीन महिन्यांनी त्याच अल्बमची सीडी दुकानांत आली, तेव्हा ती अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिली आली.

खटले आणि त्यांचा परिणाम

सप्टेंबर २००३ मध्ये कंपन्यांच्या संघटनेने २६१ व्यक्तींवर दावे लावले. त्यांत न्यूयॉर्कमधली एक बारा वर्षांची मुलगीही होती. तिच्या आईने २,००० डॉलर भरून प्रकरण मिटवले. मिनेसोटातल्या एका महिलेला २४ गाण्यांसाठी २००९ मध्ये ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलरचा दंड सुनावला. तो पुढे कमी झाला. संघटनेने ही मोहीम २००८ च्या अखेरीस थांबवली, तोवर सुमारे ३५,००० लोकांवर कारवाई झाली होती.

प्यूच्या पाहण्यांत डाउनलोड करतो असे सांगणाऱ्या इंटरनेट वापरकर्त्यांचे प्रमाण २००३ च्या वसंतात २९ टक्के होते, ते वर्षअखेरीस १४ वर आले. किती जणांनी खरोखर सोडले आणि किती जणांनी फक्त सांगायचे सोडले, हे या आकड्यांवरून ठरत नाही. पण आपल्याच गिऱ्हाइकांना न्यायालयात खेचणे ही कंपन्यांची मोठी चूक होती. २००५ मध्ये तिच्यात आणखी भर पडली. सोनी बीएमजीच्या काही सीडींतून संगणकात गुपचूप लपून बसणारे नक्कलरोधक सॉफ्टवेअर शिरते हे उघड झाले आणि त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. म्हणजे ज्याने पैसे मोजून सीडी घेतली, त्याच्याच संगणकाला धोका निर्माण झाला.

फाइलींमुळे विक्री किती घटली, यावर अर्थतज्ज्ञांचे एकमत झालेले नाही. फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ यांच्या २००७ च्या शोधनिबंधानुसार परिणाम जवळजवळ शून्य होता. स्टॅन लीबोविट्झ यांनी ते जोरदारपणे खोडून काढले. अमेरिकी ध्वनिमुद्रण व्यवसायाची उलाढाल १९९९ मध्ये सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती निम्म्याहून खाली गेली, एवढे मात्र निर्विवाद आहे. दरम्यान अ‍ॅपलने एप्रिल २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणे विकायला काढले आणि पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. सोयीचे आणि सुटे मिळाले तर लोक पैसे देतात, हे कंपन्यांना चार वर्षे उशिरा कळले.

महाराष्ट्र आणि गोव्याचा संदर्भ

मराठी घरांत या प्रश्नाची सुरुवात कॅसेटपासूनच झाली होती. कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी दिली की 'कॅसेट भरून देणारी' दुकाने गावोगाव होती, आणि त्यात काही चुकीचे आहे असे कोणाच्या मनातही येत नसे. नंतर फुटपाथवर एमपी३ डिस्क आल्या: एका चकतीत दीडशे गाणी, वर धूसर छापलेले मुखपृष्ठ. पुढे कंपन्यांनीही अधिकृत एमपी३ डिस्क काढल्या. २०१७ मध्ये सारेगामाने ५,००० जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा संच विकायला आणला, तेव्हा तीच गाणी इंटरनेटवर फुकट मिळत असूनही लोकांनी तो आपल्या आई-वडिलांसाठी हौसेने विकत घेतला.

शास्त्रीय संगीतात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तासभर फुलवलेला राग ऐकायचा तर खाजगी मैफलीत कोणीतरी टेपवर घेतलेली मुद्रणेच शोधावी लागतात. ती हस्ते-परहस्ते फिरत राहिली आणि पुढे फाइली होऊन परदेशातल्या मराठी रसिकांपर्यंत पोचली. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाबाबत अतिशय कडक होत्या. त्यांनी गायिलेली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, पण त्यांच्या दीर्घ गायनासाठी रसिकांना अशा खाजगी मुद्रणांवरच अवलंबून राहावे लागते. त्यांनी स्वतः ती वाटू दिली असती का, हा प्रश्न ती ऐकणाऱ्या प्रत्येकाने मनाशी विचारायला हवा.

भारतीय कायद्यानुसार प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्क ६० वर्षे टिकतो, त्यामुळे जुन्या तबकड्यांच्या मुद्रणावरील हक्क आता संपले आहेत. कधीच प्रसिद्ध न झालेल्या मैफलींना हा हिशेब लागू पडत नाही. संग्राहकांमध्ये त्यासाठी स्वतःची शिस्त आहे: मुद्रण विकायचे नाही, कोणाकडून मिळाले ते सांगायचे, आणि फाइलीच्या नावात गायक, राग, ताल, साथीदार, ठिकाण आणि वर्ष पूर्ण लिहायचे.