मॅनेजरचा पगार: पदवीचा किती, ओळखीचा किती?

हर्णैची मच्छीमार सोसायटी असो की देवगडच्या आंबा बागायतदारांची संस्था, मॅनेजरच्या पगाराची कारणं दोनच ऐकू येतात: ‘शिकलेला आहे’ नाहीतर ‘चेअरमनच्या ओळखीतला’. कोणत्या कारणाचे किती पैसे, हे मोजता येतं. मोजताना घसरायच्या जागा मात्र बऱ्याच.

पाया अर्थशास्त्रज्ञ जेकब मिन्सर यांच्या १९७४ च्या समीकरणाचा. पगाराचा लॉगॅरिदम घेऊन (म्हणजे फरक टक्क्यांत वाचता येतो) तो शिक्षणाची वर्षं, अनुभव आणि अनुभवाचा वर्ग (अनुभव गुणिले अनुभव) यांच्याशी ताडतात. समजा शिक्षणाचा गुणांक ०.०८ आला, तर एका जादा वर्षामागे पगार सुमारे ८.३ टक्के जास्त. १५,००० च्या जागी साधारण १६,२५०. पण शिकायला मुंबईला गेलेल्याच्या ओळखीही वाढलेल्या असतात. त्या समीकरणात धरल्या नाहीत, तर त्यांचं श्रेय पदवीच्या खात्यात जमा होतं.

‘तुमच्या ओळखी किती?’ असं विचारून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा पदांची यादी समोर ठेवावी: जिल्हा बँकेचा शाखाधिकारी, मत्स्यव्यवसाय खात्यातला अधिकारी, बर्फ कारखानदार, कोळंबी निर्यातदार, कॅनिंगवाला, लेखापरीक्षक. प्रत्येकापुढे दोन प्रश्न. नातेवाईक, मित्र की नुसती तोंडओळख? आणि ओळख नेमणुकीआधीची की नंतरची? दुसरा प्रश्न गाळला की सगळं मुसळ केरात, कारण खुर्चीच ओळखी आणते. डिझेल परताव्याचे कागद घेऊन दहा वर्षं खात्यात खेटे घालणाऱ्याला तिथे सगळेच ओळखतात. ती ओळख नोकरीतून आली, नोकरी तिच्यातून नव्हे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवलं की नवी माहिती बहुधा तोंडओळखीतून येते. जवळच्यांना आपल्याइतकंच ठाऊक असतं. म्हणून निर्यातदाराची ओळख आणि चेअरमनशी असलेलं नातं एका रकान्यात कोंबू नये. पहिलीने संस्थेला भाव मिळू शकतो, दुसऱ्याने मॅनेजरला खुर्ची.

संस्थेची उलाढाल आणि ऑडिट वर्ग (लेखापरीक्षणात मिळालेली श्रेणी) समीकरणात हवेतच, नाहीतर मोठ्या संस्थेचा पगार पदवीचा म्हणून मोजला जाईल. जी.डी.सी. अँड ए. (सहकार व लेखा यांची सरकारी पदविका) झालेल्यांचा रकाना वेगळा ठेवावा. पगार महिन्याचा न विचारता वर्षाचा विचारावा, कारण पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोनस, प्रवासभत्ता धरून आकडा नफा-तोटा पत्रकाशी पडताळावा. वीस संस्थांवर दहा घटक लादले, तर हवं ते उत्तर निघतं. शिवाय अवसायनात (कारभार गुंडाळायला) निघालेल्या संस्था सहसा यादीत नसतात, आणि त्यांच्या मॅनेजरांच्या पदव्या नि ओळखी कुणी मोजलेल्याच नसतात.