बँकॉकच्या दोन ‘वाटा’: बसलेला बुद्ध कुठे, पहुडलेला कुठे

बँकॉकहून परतलेल्या माणसाला ‘राजवाडा पाहिलास का?’ विचारा. हमखास मोबाइलवर सोनेरी, आडव्या बुद्धाचा फोटो पुढे येतो. तो बुद्ध राजवाड्यातला नाही, शेजारच्या वाट फोमधला आहे. राजवाड्याच्या आवारातलं देऊळ ते वाट फ्रा केव. (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देवळाचं आवार.) दोन्ही ठिकाणं चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, दोन्हीकडे रंगीत कौलं आणि टोकदार स्तूप, त्यामुळे गल्लत होणारच. पण खिशाला आणि वागण्याला फरक पडतो.

आधी पैशांचं. राजवाडा आणि वाट फ्रा केव मिळून परदेशी माणसाला 500 बाट, म्हणजे बाराशे रुपयांच्या वर. वाट फोला 300. दर वाढत असतात, निघण्यापूर्वी एकदा बघून घ्या. राजवाड्याची तिकिटं दुपारी साडेतीनला बंद होतात, वाट फो संध्याकाळपर्यंत उघडं असतं. म्हणून सकाळी राजवाडा, ऊन उतरल्यावर वाट फो. टॅक्सी नको: सनाम चाय स्टेशनपर्यंत मेट्रो, नाहीतर नदीतून नारिंगी झेंड्याची बोट. धक्क्यावर पर्यटकांसाठीची महागडी बोटही लागते, तेव्हा झेंडा बघूनच चढा.

वाट फ्रा केवमधला ‘पाचूचा बुद्ध’ मुळात पाचूचा नाहीच, हिरव्या जेडचा आहे. उंची जेमतेम 66 सेंटिमीटर, आणि बसलाय उंच चौथऱ्यावर, त्यामुळे पहिल्यांदा पाहणारा ‘एवढाच?’ म्हणतो. पण ऋतूप्रमाणे त्याचे पोशाख बदलतात, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन, आणि ते बदलायला स्वतः राजा येतो. वाट फोचा बुद्ध याच्या अगदी उलट: 46 मीटर लांब, 15 मीटर उंच, देऊळच त्याच्या मापाने बांधल्यासारखं. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावकामात 108 शुभचिन्हं आहेत. पाठीमागच्या बाजूला काशाची 108 भांडी, त्यांत लोक एकेक नाणं टाकत जातात. तो खणखणाट बाहेर आल्यावरही कानात राहतो.

मराठी माणसाने वाट फ्रा केवमध्ये खरा वेळ द्यावा तो मूर्तीला नव्हे, भोवतीच्या ओवरीला. तिथे 178 चित्रांत अख्खं रामायण आहे, थाई ‘रामकियेन’. आपला मारुती इथे पांढराशुभ्र आणि अजिबात ब्रह्मचारी नाही! रावणाच्या मुलीवर, सुवण्णमच्छा नावाच्या मत्स्यकन्येवर, तो भाळतो, आणि त्यांना मुलगाही होतो. आजीला सोबत नेलं असेल तर हे जरा जपून सांगा.

आता वागण्याचं. गुडघे आणि खांदे दोन्हीकडे झाकलेले हवेत, पण राजवाड्याच्या दारात कडक तपासणी असते. बिनबाह्यांच्या टॉपवर नुसती ओढणी घेतली तर परत पाठवतात. आपला साधा कुर्ता आणि पूर्ण लांबीची पँट असली की बाहेर मिळणारी हत्तीछाप पँट विकत घ्यावी लागत नाही. पाचूच्या बुद्धासमोर फोटो काढायला बंदी आहे, आडव्या बुद्धाचे खुशाल काढा, फक्त त्याच्याकडे पाठ करून सेल्फीसाठी चाळे नकोत. मूर्तीसमोर बसताना तळपाय तिच्याकडे करायचे नाहीत, मागे वळवून घ्यायचे. उंबरठ्यावर पाय द्यायचा नाही, हे आपल्याला घरीच शिकवलेलं असतं.

एका बाबतीत मात्र आपली सवय नडते. वाट फ्रा केव हे राजघराण्याचं देऊळ, तिथे भिक्खू राहत नाहीत. वाट फोत राहतात. समोर भिक्खू दिसला की आपली काकू भक्तीने पाय धरायला वाकते. बाईने भिक्खूला स्पर्श करायचा नसतो. लांबूनच हात जोडायचे, तेवढं पुरतं.

दोन्हींपैकी एकाचेच पैसे असतील तर मी वाट फो म्हणेन. गर्दी कमी, बसायला सावली, आणि थाई मसाजची जुनी शाळा याच आवारात. तिथून उरलेल्या सुट्ट्या पैशांत फेरीबोटीने नदीपलीकडच्या वाट अरुण या देवळापर्यंतही जाता येतं. राजवाड्याच्या भिंतीशी कुणी गोड बोलून ‘आज सण आहे, राजवाडा बंद, माझ्या टुकटुकमधून (तिथली रिक्षा) चला’ म्हणाला तर सरळ तिकीट खिडकीपर्यंत चालत जा. त्याची टुकटुक रत्नांच्या दुकानात जाते.