युद्धभूमीवरची लस: उंडेऱ्यापासून येमेनपर्यंत

२६ फेब्रुवारी २०२१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २५६५ एकमताने मंजूर केला. करोनाची लस पोचावी म्हणून युद्धग्रस्त भागांत लढाई थांबवा, अशी मागणी त्यात होती. दोनच दिवस आधी पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटमधले कोविशिल्डचे सहा लाख डोस घानात उतरले होते. गरीब देशांनाही लस मिळावी म्हणून आखलेल्या ‘कोव्हॅक्स’ या आंतरराष्ट्रीय योजनेची ती पहिली खेप. घानात शांतता होती. येमेन किंवा काँगोत लस का अडली, हे समजून घ्यायला मात्र बरेच मागे जावे लागते, आणि आम्हा बडोदेकरांना त्यासाठी फार लांब जायला नको.

१८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले. लोक इतके चिडले, की २२ जूनला चापेकर बंधूंनी प्लेग कमिटीच्या रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंडेरा गावात तिची कसोटी लागली. एकाच घरातल्या काहींना लस दिली, काहींना नाही. पुढे प्लेगने लस न घेतलेले २६ जण दगावले, लस घेतलेले ३. लस जीव वाचवते, हे उंडेऱ्यात दिसले. पण बंदूकधाऱ्यासोबत दारात आलेल्या आरोग्यखात्याला लोक शत्रूच समजतात, हे आठच महिन्यांपूर्वी पुण्याने दाखवले होते. उंडेऱ्याचा आकडा वैद्यकाच्या इतिहासात नोंदला गेला. पुण्याचा धडा मात्र सरकारे पुन्हा पुन्हा विसरली.

देवीच्या निर्मूलनात तो बऱ्यापैकी पाळला गेला. देवीची लस वाळवलेली असे, उन्हातही टिके. हे मोठेच सुख होते. पूर्व नायजेरियात लस अपुरी होती, तेव्हा सरसकट टोचण्याऐवजी रुग्ण हुडकून त्याच्या आसपासच्यांना टोचायचे, अशी पद्धत बसली आणि त्या भागाच्या फुटीवरून बियाफ्राचे युद्ध भडकेपर्यंत तिथली साथ जवळजवळ आटोक्यात आली होती. युद्धाने उलटेही घडवले. देवी हटवलेल्या बांगलादेशात १९७२ साली कोलकात्याच्या छावण्यांमधून परतणाऱ्या निर्वासितांबरोबर ती पुन्हा शिरली. नैसर्गिक देवीचा जगातला शेवटचा रुग्ण ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात सापडला. तेव्हा सोमालिया-इथिओपिया युद्ध ऐन भरात होते.

१९८५ साली एल साल्वादोरमध्ये जे झाले ते मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. तिथे यादवी पेटलेली होती. युनिसेफचे जेम्स ग्रँट आणि तिथले चर्च यांनी सरकार व बंडखोर दोघांनाही राजी केले आणि तीन दिवस बंदुका थांबल्या. सुमारे अडीच लाख मुलांना लस मिळाली. यादवी संपेपर्यंत दरवर्षी असे दिवस पाळले गेले. दोन्ही बाजूंनी लस देणाऱ्याला आपल्या शत्रूचा माणूस मानले नाही, म्हणून हे जमले.

नेमका हाच विश्वास २०११ मध्ये पाकिस्तानात मोडला. ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने ॲबटाबादमध्ये काविळीच्या लसीकरणाची बनावट मोहीम चालवली. पुढच्याच वर्षी वझिरिस्तानात तालिबानी गटांनी पोलिओ लसीकरणावर बंदी घातली, आणि डिसेंबरात कराची-पेशावरमध्ये दारोदार जाऊन थेंब पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. एका हेरगिरीची किंमत त्या बायकांनी चुकवली, याची चीड मला आजही येते. पुढे करोनाची लस तयार झाली तेव्हा ही अविश्वासाची हवा आधीपासूनच होती.

२०१८ पासून पूर्व काँगोत इबोलाची लस उणे ६० अंशांखाली जपत तीन लाखांवर लोकांना दिली गेली. उपचार केंद्रांवर हल्ले होत असतानाही. म्हणजे शीतसाखळी, लस सतत थंड राखत पोचवणे, अवघड असली तरी अशक्य नव्हती. करोनात अडले ते वेगळ्याच जागी. येमेनमध्ये ३१ मार्च २०२१ ला ३ लाख ६० हजार डोस दक्षिणेतल्या एडनला आले, पण मोहीम दक्षिणेतच चालली. उत्तरेत सत्ता हूती बंडखोरांची होती. काँगोने १७ लाखांपैकी सुमारे १३ लाख डोस मुदत संपण्याआधी परत केले.

बंडखोरांच्या ताब्यातल्या लोकांसाठी आणि निर्वासितांसाठी ‘कोव्हॅक्स’ने ५ टक्क्यांपर्यंत डोस राखून ठेवले होते. ते कागदपत्रांत रुतले. लशीने कुणाला अपाय झाला तर भरपाईची हमी सरकारने द्यावी, अशी कंपन्यांची अट होती. जिथे सरकारच पोचत नाही तिथे ही हमी कोण देणार? मदतसंस्थांना ती झेपणारी नव्हती. काही कंपन्यांनी अट सोडली, तरी या राखीव साठ्यातली पहिली खेप नोव्हेंबर २०२१ मध्ये निघाली, इराणमधल्या अफगाण निर्वासितांसाठी. तोवर श्रीमंत देशांत तिसरा डोस सुरू झाला होता. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथीचा करार मंजूर केला आहे. भरपाईच्या हमीचा हा तिढा पुढची साथ येण्याआधी, शांततेच्या काळातच सोडवायला हवा. साथ सुरू झाल्यावर वकिलांना वेळ देण्याची चैन छावणीतल्या माणसाला परवडत नाही.