'नापास' गेला, निरोप राहिला

महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत १ मेला दोन कामं एकदम उरकली जायची: झेंडावंदन आणि निकाल. राष्ट्रगीत संपलं की वर्गावर्गांत प्रगतिपुस्तकांचे गठ्ठे यायचे. बाई पहिल्या तिघांची नावं घ्यायच्या, टाळ्या व्हायच्या, मग हजेरीच्या क्रमानं एकेक जण टेबलाशी जायचा. ज्याला वगळून पुढचा नंबर पुकारला जाई, त्याला आणि उरलेल्या पन्नास जणांना एकाच क्षणी कळायचं. 'तू थांब रे, वडिलांना घेऊन ये.' एवढंच. कुणाच्या पुस्तकात दोन-तीन विषयांखाली लाल रेघ आणि तळाशी शेरा: 'वरच्या वर्गात घातले'. म्हणजे पास झाला नाही, पण त्याच वर्गात बसवलंही नाही. गल्लीत त्याला 'ढकलपास' म्हणत आणि ते बिरुद पुढे वर्षभर सुटत नसे.

शाळांमध्ये हल्ली बोलण्याची रीत उरली नाही, ही तक्रार ऐकली की मला तो गठ्ठा आठवतो. पूर्वी रीत होती आणि आता गेली, असं काही झालेलं नाही. वाईट बातमी मुलाला कशी सांगायची, हा प्रश्न आपल्या शाळांनी फार काळ स्वतःला विचारलाच नव्हता. त्याचं कारण जुनं आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. पण आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे तो खालच्या शाळांत आलेला माणूस, म्हणजे दिपोटी, शाळा तपासणारा डेप्युटी इन्स्पेक्टर. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. शिक्षण खात्याचा अधिकारी यायचा, मुलांना वाचायला लावायचा, गणितं घालायचा, आणि किती मुलं उतरली त्यावर शाळेचे पैसे ठरायचे. मूल अडखळलं की मास्तरांच्या पोटाला चिमटा. अशा मास्तरांनी त्या मुलाशी हळुवार बोलावं, ही अपेक्षाच जरा अवघड. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात या पद्धतीवर नेमकं बोट ठेवलं: गरीब, शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांत शिक्षण वाढवायला ती कामाची नाही, कारण तिच्या भरवशावर तिथे शाळा काढणाऱ्या शिक्षकाचं पोटच भरणार नाही.

निकाल हा मूळचा मुलाला उद्देशून नव्हताच, असा मी यातून अर्थ काढतो. तो खात्याला होता, संस्थेला होता, बापाला होता. मूल फक्त तो कागद घरी पोचवणारं. प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीला रकाना असतो, मुलाच्या सहीला नसतो. (त्या रकान्यात वडिलांची सही गिरवण्यात काही जणांनी कमावलेलं कौशल्य हा वेगळ्या लेखाचा विषय.)

शालान्त परीक्षेनं ही बातमी शाळेच्या भिंतीबाहेर काढली. पुण्याचं राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ ला सुरू झालं, नवी दहावी १९७५ ला आली. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात आसनक्रमांकांचे बारीक छापलेले रकाने यायचे. तिथे 'नापास' हा शब्द कुठेच नसे. आपला नंबर नसला की समजायचं. तरी खात्री म्हणून माणसं दुसरं वर्तमानपत्र विकत आणायची, छपाईत राहिला असेल म्हणून. बरं, शेजारीही तोच अंक असायचा.

वेगळं वागणारी माणसं नव्हती असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला, लीलाताई पाटलांनी १९८५ पासून कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात मुलांशी बोलायची दुसरी तऱ्हा दाखवली. सृजन आनंदमध्ये तर स्पर्धा नाही, शिक्षा नाही. पण ती बेटंच राहिली.

मोठा फरक पडला तो कायद्यानं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. कलम १६ नं आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायला बंदी केली, कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना. पाठोपाठ २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर चालणारं, ७० टक्के; संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी होणारं, ३०. सातवी-आठवीला ४० आणि ६०. गुणांच्या जागी श्रेणी आल्या, अ-१ पासून इ-२ पर्यंत. वीस टक्के किंवा त्याखाली म्हणजे इ-२. अशा मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं, मागे ठेवायचं नाही.

आणि आल्या वर्णनात्मक नोंदी. कल्पना फार चांगली होती. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं स्वतः पाहिलेलं लिहायचं: विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. प्रत्यक्षात पन्नास मुलं, वर्षाला दोन सत्रं आणि डोक्यावर इतर कामं. तेव्हा तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, मग पीडीएफ फिरू लागल्या. एका नात्यातल्या मुलीचं प्रगतिपत्रक मी पाहिलं. 'सुधारणा आवश्यक' समोर लिहिलं होतं: 'अवांतर वाचन करावे, अक्षर सुधारावे.' चौथीतल्या त्या मुलीला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. शब्द किती सभ्य! तिच्या आईनं तिला गोष्टीचं पुस्तक आणून दिलं आणि ती वाचत नाही म्हणून रागावली. लाल रेघ निदान खोटं बोलत नव्हती.

वरच्या वर्गांतही शब्द बदलत गेले. दहावीच्या नापासांची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैत घ्यायला २०१५ मध्ये सुरुवात झाली. वर्ष वाचलं, ही खरी दिलाशाची गोष्ट. मग गुणपत्रिकेवर 'नापास'च्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' आलं, २०२० मध्ये बारावीला 'पुनर्परीक्षेस पात्र' आलं. २०२१ ला परीक्षाच झाली नाही आणि दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या दुपारी संकेतस्थळ कोसळलं, तेवढीच काय ती हुरहुर.

मग काटा उलटा फिरला. शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनं केंद्रानं राज्यांना पाचवी-आठवीत मूल मागे ठेवायची मोकळीक दिली, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये नियम बदलले. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झालेल्याला दोन महिन्यांत दुसरी संधी, तीही हुकली तर तोच वर्ग. परीक्षा असावी की नसावी यावर भरपूर लिहून झालंय. मला वेगळंच दिसतं. मधल्या तेरा-चौदा वर्षांत शाळेत लागलेल्या शिक्षकांना पाचवीतल्या मुलाला 'तू याच वर्गात राहणार' हे सांगायची वेळच आलेली नव्हती. जुन्यांना ते वाईट का होईना, पण तोंडानं सांगायची सवय होती. नव्या नियमात फेरपरीक्षेचं वेळापत्रक आहे, गुणांचा हिशोब आहे. मुलाला कुणी, कुठे, कोणत्या शब्दांत सांगायचं, याची एक ओळ नाही.

ओळखीतल्या एका शाळेनं गेल्या निकालाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकली. मथळा नियमाप्रमाणे: 'इयत्ता पाचवी, पुनर्परीक्षेस पात्र विद्यार्थी'. खाली पाच नावं, शेवटी 'सर्वांना शुभेच्छा'. दहा मिनिटांत बारा पालकांचे अंगठे उमटले. पाचांपैकी एकाची आई तेव्हा कामावर होती. फोन घरी, मुलाच्या हातात होता.