मनगट मुरगळलंय की स्कॅफॉइड मोडलंय?

“बोटं हलतायत ना? मग मोडलेलं नाही, मुरगळलंय.” शेवाळलेल्या पायरीवर घसरलेल्या, बाइकवरून पडलेल्या, कबड्डीत हात टेकून आपटलेल्या प्रत्येकाला घरातलं कोणीतरी हे ऐकवतंच. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि या वाक्याने बिघडवलेली मनगटं वर्षानुवर्षं बघतोय. बोटं हलवणारे मोठे स्नायू मनगटात नसतातच. ते कोपराखाली असतात, त्यांच्या दोऱ्या फक्त मनगटावरून पुढे जातात. आतलं स्कॅफॉइडसारखं छोटं हाड मोडलं तरी दोऱ्या शाबूत राहतात, आणि बोटं हलतात.

मुरगळणं म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे. हाडांना हाडं बांधणारे अस्थिबंध ताणतात, सूज येते; बर्फ, क्रेप बँडेज आणि आराम मिळाला की साधी मुरगळ आठ-दहा दिवसांत बरीच उतरते. मनगटाच्या वरचं मोठं हाड मोडून हातच वाकडा झाला, जसं पन्नाशीपुढच्या बायकांचं पुष्कळदा होतं, तर कोणी मुरगळलं म्हणत बसत नाही. तडक दवाखाना गाठतात.

फसगत होते ती स्कॅफॉइडमध्ये. मनगटातल्या आठ छोट्या हाडांपैकी हे अंगठ्याच्या बाजूचं, काजूच्या आकाराचं. या आठांत सगळ्यांत जास्त मोडतं तेही हेच, आणि बहुतेक वेळा तरण्या मुलांचं. हात सरळ दिसतो, सूज बेताची असते, चार दिवसांत मोबाइलही धरता येतो.

आता एक करून बघा. अंगठा ताठ करून वर, मागे खेचा. त्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दोन दोऱ्या उठतात आणि मध्ये खळगी पडते. लोक तपकिरीची चिमूट इथे ठेवून ओढायचे, म्हणून शरीररचनाशास्त्रात तिचं नाव ‘तपकिरीची डबी’. तिच्या तळाशी स्कॅफॉइड असतं. दुसऱ्या हाताच्या एकाच बोटाने तिथे दाबा. आधी चांगल्या हातावर दाबून घ्या, कारण जोरात दाबलं तर धडधाकट हातालाही तिथे थोडं दुखतं. बघायचा तो दोन हातांतला फरक. कुठे दुखतं असं विचारल्यावर मुरगळलेला माणूस बहुधा अख्खं मनगट मुठीत धरतो. स्कॅफॉइडवाला बोट नेमकं खळगीत ठेवतो. खळगी दुखली म्हणजे मोडलंच असं नाही, पण तसं नाही हे ठरेपर्यंत मोडलंय असंच धरून चालायचं.

“पण एक्स-रे नॉर्मल आला!” हे तर मला सगळ्यांत जास्त छळतं. पहिल्या दिवशी चीर केसाएवढी असते, एक्स-रेत दिसेलच असं नाही. खळगी दुखत असेल तर मनगट स्लॅबमध्ये (अर्ध्या प्लास्टरमध्ये) किंवा स्प्लिंटमध्ये बांधून ठेवायचं आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासून पुन्हा एक्स-रे काढायचा. एमआरआय परवडत असेल तर पहिल्या काही दिवसांतच उलगडा होतो. डॉक्टरांना “मनगट दुखतंय” एवढंच सांगू नका, खळगीवर बोट ठेवून दाखवा. स्कॅफॉइडचे एक्स-रे वेगळ्या कोनांतून काढावे लागतात.

एवढी घाई का, तर या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि ते उलटं मागे वाहतं. हाड मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं, कालवा फुटल्यावर शेवटच्या शेताचं पाणी तुटावं तसं. वेळीच बांधलं नाही तर तो तुकडा पुष्कळदा जुळत नाही, कधी मरतोही, आणि काही वर्षांनी मनगटाला संधिवात जडतो.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा पाच महिन्यांनी माझ्याकडे आला. पहिला एक्स-रे नॉर्मल होता, पुढे तीन आठवडे मालिश. गोळा पेलताना कळ यायची. मी खळगीत बोट टेकवलं आणि त्याने हात हिसडून घेतला. शेवटी कमरेच्या हाडाचा तुकडा घेऊन तिथे बसवून, स्क्रू घालून ऑपरेशन करावं लागलं. त्या वर्षीची भरती हुकली.

म्हणून सांगतो, आंबेहळदीचा लेप हवा तर लावा, पण चोळू नका, खेचून ‘बसवून’ घेऊ नका. पडल्या पडल्या अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. सूज चढली की कापावी लागतात. बर्फ फडक्यात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं, हात उशीवर उंच. बोटं बधिर किंवा पांढरी पडली, जखमेतून हाड दिसलं, तर सकाळची वाट बघू नका.

आणि प्लास्टर घातलंच, तर ते 6 ते 8 आठवडे राहतं, कधी 12. तिसऱ्या आठवड्यात दुखायचं थांबतं आणि मुलं घरीच कात्रीने ते कापून टाकतात. दुखणं आधी थांबतं, हाड नंतर जुळतं. जुळलं की नाही हे पुन्हा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढल्यावरच कळतं.